चाचांनी तीनदा विचारलं

ते कुलूप मला आजही आठवतं. पितळेचं, जाडजूड, दाराच्या बाहेरच्या कडीला लावलेलं. नोकरीत कुलपं पुष्कळ पाहिली, त्यातली बहुतेक तुटलेली. घरफोडीच्या पंचनाम्यात कुलूप मोडलेलं असतं आणि घरची माणसं धडधाकट असतात. इथे उलट होतं.

त्या वेळी मी नालासोपारा पूर्वेला एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. पीडितेचं नाव उघड करायला कायद्यानेच बंदी आहे आणि ती योग्यच आहे. बाकीच्यांची नावं न सांगण्याचं कारण एवढंच, की त्यातले काही जण मला अजून भेटतात आणि मला त्यांच्या घरचा चहा बंद करून घ्यायचा नाही.

तुळिंजची वस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना वर्णन नको. इमारतीला इमारत खेटून उभी, या घरात मिरचीची फोडणी पडली की समोरच्या घरात ठसका लागतो. अशा ठिकाणी काही लपून राहत नाही असा लोकांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. जिथे सगळ्यांना सगळं ऐकू येतं, तिथे माणसं न ऐकण्याची सवय लावून घेतात. नाहीतर जगणार कशी?

आमच्याकडे एक महिला हवालदार होत्या. पाचूबंदरच्या, कोळ्याच्या घरातल्या, आवाज मासळीच्या लिलावात तयार झालेला. त्यांची मावशी पाटी घेऊन तुळिंजच्या इमारतींमध्ये मासे विकायला जायची. एका सकाळी हजेरी संपल्यावर बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, मावशीने एक खबर दिलीय. एका घराला बाहेरून कुलूप असतं, पन आत मानूस हाय."

"कुलूप लावून माणूस आत? म्हातारं कोणी असेल."

"म्हातारं नाय. तरनी बाई हाय. नवीन लग्न झालंय बोलतात. मावशीने दारावर थाप मारून 'बोंबील हायेत' बोलली, तर आतून आवाज आला, 'मावशी, मासे नकोत. चावी कोनाकडून आनून देशील का?'"

खबर देणारे नाना तऱ्हेचे असतात. कोणी सूड म्हणून सांगतं, कोणी बक्षिसासाठी, कोणी नुसतं पोलिसांशी ओळख आहे हे दाखवायला. मासे विकणाऱ्या बाईला गिऱ्हाईक गेल्याचंच दुःख असणार, त्यात खोटं बोलण्यासारखं काही नव्हतं. ठाणे दैनंदिनीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि आम्ही निघालो.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. कुलूप होतं. शेजारच्या दोन्ही घरांचे दरवाजे आम्हाला पाहून मिटले. त्या घरात राहणाऱ्या माणसाला फोन लावला तर तो अर्ध्या तासात वसई पूर्वेच्या एका कारखान्यातून आला. इस्त्रीचा शर्ट, मोजून बोलणं. त्याने शांतपणे चावी काढली, वर आमच्यासाठी खालच्या टपरीवर चहाही सांगितला.

"साहेब, माझीच बायको आहे. पहिला नवरा वारला तेव्हापासून तिचं डोकं जरा ठिकाणावर नसतं. कुठे निघून गेली तर जबाबदारी माझीच ना?"

'बायको' हा शब्द त्याने एवढ्या वेळात तीन-चारदा वापरला. माणूस एकच शब्द पुन्हापुन्हा पुढे करतो तेव्हा त्याची सगळी मदार त्यावर असते. मी तो मनात टिपून ठेवला.

आत एक बाई पलंगावर बसली होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस. मनगटांवर आणि गळ्यावर खुणा होत्या. त्यापलीकडचं मी इथे लिहिणार नाही, ते वैद्यकीय अहवालात आहे आणि तिथेच असू द्यावं. हवालदार बाईंनी मला दारातच हाताने अडवलं. "तुमी बाहेर थांबा साहेब. पयलं पानी पिऊ द्या तिला."

ठाण्यात आल्यावर मी तिच्यासमोर बसलो, बाई शेजारी. तिने आधी पेलाभर पाणी संपवलं. मग जे बोलली ते मी कुठल्याही तक्रारदाराच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"साहेब, तक्रार मागनं लिहा. आधी मला एक सांगा. मी त्याची बायको हाय का नाय?"

हकिगत अशी होती. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, कोकणी मुसलमान. नवरा आजारपणात गेला. पदरात चार वर्षांची मुलगी. ही घरी शिलाईचं काम करून राहत होती. वर्ष उलटल्यावर सासूने तगादा लावला, की नवऱ्याच्या चुलतभावाशी निकाह कर, म्हणजे सून आणि नात घरातल्या घरात राहतील. चुलतभाऊ म्हणजे तोच इस्त्रीचा शर्ट. हिने तोंडावर नकार दिला, एकदा नाही, अनेकदा. मग एका शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर घरीच निकाह ठरला. आदल्या दिवशी सासूने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की चारचौघांत नाही म्हणालीस तर पोरगी आमच्याकडे राहील, तू तुझा रस्ता बघ.

"मग विचारायला आले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"कायच नाय. तोंडच उघडलं नाय." ती खाली बघत म्हणाली. "नाय बोलले असते तर पोर गेली असती. हो बोलले असते तर मी गेले असते. गप्प बसले. वाटलं, गप्प राहिले तर दोघी वाचू."

दोघी वाचल्या नाहीत. त्याच संध्याकाळी मुलीला सासूने आपल्याकडे ठेवून घेतलं आणि हिला त्या तिसऱ्या मजल्यावर नेलं. तिने विरोध केला, ओरडली, आणि नंतर दाराला कुलूप लागलं. पोलिसांत जाईन म्हणाली तर त्याने सांगितलं, "जा की. मी नवरा आहे, पोलीस काय करणार? आणि शरीयतमध्ये चार गवाह लागतात. कुठून आणशील? उलट तुझ्यावरच बदचलनीचा ठपका येईल."

त्या माणसाने दोन कायदे पक्के धरले होते आणि दोन्ही तिच्यावरच रोखले होते. सरकारी कायद्याच्या बाबतीत तर तो चक्क बरोबर होता. बलात्काराच्या कलमाला एक अपवाद आहे. सज्ञान बायकोवर नवऱ्यानेच जबरदस्ती केली तर कायदा त्याला बलात्कार म्हणत नाही. तेव्हा दंड संहिता होती. आता न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, पण तो अपवाद सामानसुमानासह नव्या घरात राहायला आला. त्यावर वरच्या न्यायालयांत वाद चालू आहेत. ठाण्यात बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र जो कायदा आज आहे तोच पाळावा लागतो.

तिचा जबाब बाईंनी घेतला. बलात्कार, बेकायदा डांबून ठेवणं, मारहाण आणि धमकी, असा गुन्हा नोंदवला. तिला वैद्यकीय तपासणीसाठी पाठवलं आणि दंडाधिकाऱ्यांसमोर तिचं निवेदन नोंदवून घेतलं. मुलीला सासूकडून आणायला हवालदार बाई स्वतः गेल्या. कशी आणली ते मी विचारलं नाही. पण त्या इमारतीतले लोक नंतर बरेच दिवस त्यांना पाहून जिन्यात बाजूला व्हायचे.

आरोपीला अटक केली तेव्हा तो घाबरला नाही. त्याच्या वकिलाने निकाहनाम्याची प्रत माझ्या टेबलावर ठेवली आणि हसून म्हणाला, "साहेब, नवरा-बायकोच्या भांडणात तुम्ही कुठे पडलात?"

मी सरकारी वकील बाईंकडे गेलो. फटकळ बाई, पण कायदा तळहातावर असावा तशी माहिती. त्या म्हणाल्या, "तुमचं मुख्य कलम निकाहावर उभं आहे. निकाह झाला असेल तर ते कलम पडलं, मग डांबणं आणि मारहाण एवढंच उरेल. आणि निकाह झाला की नाही, हे आपली दंड संहिता सांगणार नाही. ते त्यांच्या व्यक्तिगत कायद्यावरून ठरेल. तिकडे जा आणि विचारा."

आता पंचाईत आली. उभी हयात मी दंड संहिता वाचली. निकाहाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, की त्या दिवशी बिर्याणी असते.

दोन दिवसांनी एक वयस्कर गृहस्थ ठाण्यात आले. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, चालण्यात जहाजावर काढलेल्या आयुष्याची डुलकी. ते तिचे चाचा, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील हयात नसल्यामुळे निकाहात तिचे वली, म्हणजे पालक, तेच होते. तिला आत जाऊन विचारणारे वकीलही तेच. कोर्टातले वकील नव्हेत. निकाहात वधूची परवानगी विचारून बाहेर काझीला कळवणाऱ्यालाही वकील म्हणतात. दोन साक्षीदारांना घेऊन तो आत जातो आणि विचारतो. मोहल्ल्यातल्या बहुतेक निकाहांत हे काम चाचांकडेच असे.

"साहेब, मी तोडगा घेऊन आलोय," चाचा म्हणाले. "पोरगा तलाक द्यायला तयार हाय. लगेच. बायको मोकळी, पोरगी तिच्याजवळ. तुम्ही केस मागे घ्या. घरची इज्जत घरात राहील."

ती शेजारच्या खोलीत बाईंजवळ बसली होती. तिच्या कानावर हे गेलं आणि ती उठून दारात आली. "खरंच देतो? घेते मी. आता घेते. मला फक्त सुटायचंय."

खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की सुटू दे बिचारीला. मग त्या उदारपणाचा वास आला. कालपर्यंत कुलूप लावणारा माणूस आज दार उघडून देतोय, तो का? तलाक घ्यायचा तर आधी लग्न मान्य करावं लागतं. तिने तलाक हातात घेतला, की निकाह झाला होता यावर तिचीच सही. मग कलम पडलं आणि इस्त्रीचा शर्ट नव्याने इस्त्री होऊन घरी.

मी तिला म्हणालो, "ताई, सुटाल तुम्ही. पण दोन दिवस थांबा. तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही."

ती रडायला लागली. "दोन दिवसांत तो फिरला तर? तलाक पण गेला तर?" ही भीती खोटी नव्हती. मी थांबायला सांगत होतो आणि हातात काही नव्हतं. बाईंनी तिला आत नेलं. आतून त्यांचा आवाज आला, "रड. पन सही करू नको."

त्याच दिवशी दोघा साक्षीदारांचे जबाब घेतले. दोघेही आरोपीचे मित्र. पहिला म्हणाला, "वधूने राजीखुशीने निकाह कबूल केला." दुसराही म्हणाला, "वधूने राजीखुशीने निकाह कबूल केला." शब्दाला शब्द. दोन माणसांनी एकच गोष्ट पाहिली तर ती दोन तऱ्हेने सांगतात. एकाला पडदा आठवतो, दुसऱ्याला पंख्याचा आवाज. सारखं सांगतात ते पाठ केलेलं असतं. पण पाठांतर ओळखता आलं म्हणून ते खोटं आहे हे सिद्ध होत नाही.

राहिले चाचा. त्यांना मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. हवालदारांपैकी एकाचं मत होतं, की म्हातारा आरोपीच्या बाजूचा आहे, जरा दरडावलं की बोलेल. मला तसं वाटलं नाही. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाला दरडावलं तर तो ताठ होतो. अशा वेळी 'ती हो म्हणाली का' हा प्रश्न विचारायचाच नसतो. त्याचं उत्तर माणसाने आधीच ठरवलेलं असतं. त्याला फक्त त्या खोलीत परत न्यायचं.

"चाचा, चप्पल काढल्यापासून सांगा."

"काय सांगू?"

"दारात चप्पल काढलीत, आत गेलात. मग काय दिसलं?"

चाचांनी डोळे मिटले. "बायका होत्या. पोरगी पलंगाच्या कोपऱ्यात बसली होती, लाल दुपट्टा तोंडावर. साक्षीदार दाराशी थांबले, बायकांत कसे येतील? मी समोर खुर्चीवर बसलो. मेहेरची रक्कम सांगितली, पोराचं नाव घेतलं आणि विचारलं, बेटी, तुला कबूल हाय?"

"मग?"

"गप्प. पोरी पहिल्यांदा गप्पच असतात साहेब. मी परत विचारलं. तेव्हा ती बारकी रडायला लागली."

"बारकी कोण?"

"हिची मुलगी. आईकडे जायचं म्हणून हात पसरत होती. दादीच्या मांडीवर होती. दादीने घट्ट धरली होती तिला." चाचा थांबले. बहुधा त्या घट्ट धरण्याचा अर्थ त्यांना तेव्हा पहिल्यांदा लागला. "मग मी तिसऱ्यांदा विचारलं. दादी बोलली, शरमतेय ती, गप्प आहे म्हणजे राजी आहे. मी उठलो. बाहेर येऊन मौलानांना सांगितलं, इजाजत मिळाली."

"तिचा आवाज कसा होता, चाचा?"

"अं?"

"तुम्ही जहाजावर होतात ना? अंधारात आवाजावरून माणूस ओळखत असाल. ती हो म्हणाली तेव्हा आवाज कसा होता? रडवेला? हळू?"

चाचांनी डोळे उघडले. टेबलावरचा पेपरवेट हाताने बाजूला सारला. "आवाज नव्हताच, साहेब," ते शेवटी म्हणाले. "मी तीनदा विचारलं. आवाज आला तो बारकीचाच."

जबाब लिहून झाला, वाचून दाखवला. चाचांनी सही केली. पण माझ्या मनात धाकधूक होतीच. गप्प राहणं म्हणजे होकार, असं त्यांच्या धर्मशास्त्रातच असलं तर? मग मी माझ्याच हाताने आरोपीचा पुरावा तयार केला होता.

निकाह पढवणारे मौलाना तरुण होते, चाचांच्याच भागातले. सकाळी मुलांना शिकवायचे, दुपारी एकटे असायचे. मी साध्या कपड्यांत मशिदीलगतच्या त्यांच्या खोलीवर गेलो. चाचांना सोबत नेलं. मौलानांनी आधी बसायला चटई दिली, मग पाणी दिलं आणि सावधपणे माझ्याकडे पाहिलं. पोलीस मशिदीच्या दारात आला की पाहतात तसं.

मी सरळ विचारलं. "मुलीने तोंडाने होकार दिला नाही, ती गप्प बसली. तर तुमच्या कायद्याने निकाह होतो?"

"कुंवारी मुलगी असेल आणि लाजून गप्प बसली, तर ते गप्प राहणं रजामंदी धरतात," मौलाना म्हणाले. पण मौलानांचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी मान वळवली. "चाचा, कोणाबद्दल विचारतायत हे?"

चाचांनी सांगितलं.

"ती बेवा आहे!" मौलाना एकदम म्हणाले. "बेवेचं गप्प राहणं चालत नाही. तिचा एकदा संसार झालेला असतो, तिने आपल्या तोंडाने सांगायला लागतं. हा साफ हुकूम आहे. ती बोलली नाही? मग तुम्ही मला येऊन इजाजत मिळाली म्हणून कसं सांगितलंत?"

"मी सगळ्यांचं असंच सांगतो," चाचा पुटपुटले. "आजपर्यंत किती पोरींना विचारलं. बोलतंय कोण? सगळ्या गप्प असतात. मी उठतो, बाहेर येतो..."

"त्या सगळ्या कुंवाऱ्या होत्या, चाचा."

म्हाताऱ्याने काही लबाडी केली नव्हती. सवयीने केलं होतं. मोहल्ल्यातल्या शंभर लाजऱ्या मुलींच्या हिशेबात एका भ्यालेल्या विधवेचं गप्प राहणं त्याने मिळवून टाकलं होतं. घरच्यांना हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. सासूला बहुधा होतं, कारण 'शरमतेय' हा शब्द तिचा.

मी चार साक्षीदारांचंही विचारलं. मौलानांच्या कपाळाला आठी पडली. "ती अट उठसूट कोणी बाईच्या चारित्र्यावर चिखल उडवू नये म्हणून आहे. जिच्यावर जुलूम झाला तिचं तोंड बंद करायला नाही. जबरदस्ती झालेल्या बाईवर गुनाहच नसतो. त्या माणसाने दीन-मजहब शिकला तो तिला घाबरवण्यापुरताच."

मग मौलाना स्वतःहून म्हणाले, "मला त्या ताईला भेटायचंय. मीही नुसतं चाचांना विचारलं आणि पढवून मोकळा झालो."

दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात आले. ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. मौलाना तिच्याकडे न बघता, जमिनीकडे बघत बोलले. "बहन, तो निकाह झालाच नाही. तुम्ही त्याच्या बायको नव्हतात. एक दिवसही नव्हतात."

"मग तलाक?"

"जी गाठ बांधलीच नाही, ती सोडायची कशी?"

मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग हवालदार बाईंना म्हणाली, "बाई, चहा मिळेल का?" इतक्या दिवसांत तिने आपणहून काही मागितलं ते पहिल्यांदा. बाई चहा आणायला गेल्या आणि परत यायला त्यांना नको इतका वेळ लागला. आल्या तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं असतं, की चुलीचा धूर गेला म्हणून, आणि टपरीवर तर गॅस होता.

खटला वसईच्या सत्र न्यायालयात चालला. वेळ लागला, लागतोच. मधल्या काळात चाचांवर खूप दबाव आला. नातेवाईक बोलेनासे झाले. तू तिच्या होकाराचा वकील होतास, आता नकाराचा झालास, असं कोणी तरी त्यांना तोंडावर म्हणालं. तरी ते साक्षीला उभे राहिले. बचाव पक्षाच्या वकिलाने शेवटचा घाव घातला.

"तुम्ही तीनदा विचारलंत. तिन्ही वेळा ती 'नाही' म्हणाली का?"

"नाही."

"म्हणजे तिने नकार दिलाच नाही?"

चाचा कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्यात नाय बोलायची रीत नाय. हो बोलायची हाय. ते ती बोलली नाय."

त्यानंतर मौलानांची साक्ष झाली, सरकारी वकील बाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ दाखवले. न्यायालयाने निकाह अवैध धरला. निकाह नाही म्हणजे नवरा नाही, नवरा नाही म्हणजे अपवाद नाही. शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या व्हरांड्यात मला म्हणाली, "साहेब, मला उत्तर तर मौलानांनी आधीच दिलं होतं. आज सरकारने पण दिलं."

निवृत्त झालो, आता मी नंदाखालला राहतो. केळीला पाणी घालतो, नारळ मोजत नाही, पडतील तेवढे आपले. लोक गप्पा मारायला येतात आणि विचारतात, की साहेब, तुमचा कायदा बाईच्या बाजूचा आणि त्यांचा विरुद्ध, असंच ना? मी त्यांना ही हकिगत सांगतो. या एका प्रकरणात भोक आमच्या कायद्याला होतं आणि ते बुजवायला धागा त्यांच्याकडून आणावा लागला. इतर प्रकरणांत उलटही पाहिलं आहे. धर्माचं नाव घेऊन बाईला गप्प करणारे मी सगळ्या वस्त्यांत पाहिलेत, आमची वाडी धरून. शिकलो ते एवढंच, की कायदा कुठलाही असो, गुन्हेगार त्यातली सोयीची ओळ आधी पाठ करतो. पुढची ओळ वाचायचं काम आपलं.

बायकोला हे सांगितलं तर ती वाल सोलता सोलता म्हणाली, "त्यांच्यात निदान तीनदा विचारतात. तुमच्याशी लग्न ठरलं तेव्हा मला एकदा तरी कोणी विचारलं होतं का?"

मी गप्प बसलो. तो मात्र पक्का होकार होता.

गेल्या वर्षी चाचा माझ्याकडे आमंत्रण घेऊन आले. त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाह. मी गेलो, हवालदार बाईही आल्या होत्या. हॉलमध्ये आम्ही पुरुष बसलो होतो, शेजारच्या खोलीत बायका. तीही तिथे होती. तिने पुन्हा लग्न केलं नाही. शिलाईचं दुकान टाकलंय, मुलगी शाळेत जाते.

चाचा दोन साक्षीदारांना घेऊन आत गेले. या वेळी साक्षीदार दाराशी थांबले नाहीत, त्यांना आत बोलावलं गेलं. मधे फक्त पडदा होता, आम्हाला ऐकू येत होतं. चाचांनी एकदा विचारलं. दोनदा विचारलं. तीनदा विचारलं. नवखी नवरी, लाजली असणार. आवाज आला नाही. मौलाना माझ्याशेजारीच होते. ते हळूच म्हणाले, "कुंवारी आहे, गप्प राहिली तरी चालतं." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चाचा उठले असावेत.

आणि पडद्यामागून तिचा, चाचांच्या त्या पुतणीचा, आवाज आला. शांत, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

"चाचा, बसा. तिने बोलायचं बाकी हाय."

मौलानांनी मान खाली घातली. खुर्ची पुन्हा सरकली. आम्ही सगळे थांबलो.